आधी पायी फेरी, मग पाणी : गावाकडच्या तलावावर सायकलने पोहायला जाताना

हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी साडेनऊला शहराजवळच्या कुठल्याही बऱ्यापैकी भरलेल्या तलावावर जाऊन उभे राहा. आठ-दहा सायकली येतात, थेट पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, चढतात आणि आडव्या पडतात. घामेजलेल्या जर्सी निघतात आणि तीन मिनिटांत दोघं-तिघं पाळीच्या दगडांवरून पाण्यात. म्हणजे तलावाच्या सगळ्यात खोल बाजूला, सगळ्यात निसरड्या दगडांवरून, दमलेल्या पायांनी आणि कुणालाही न विचारता. यांना पोहता येत नाही असं नाही, क्रम चुकतो.

क्रम असा हवा : घरी नकाशा, गावात विचारपूस, तलावाला पायी फेरी, विसावा, मग पाणी, आणि शेवटी परतीची सायकल. पायी फेरी पाण्याच्या आधी, हे या लेखातलं मुख्य म्हणणं. बाकीचं त्याच्या मागेपुढे येतं.

मी पुरंदर, दौंड, फलटण, माण, सांगोला या कोरड्या पट्ट्यातले पाझर तलाव आणि लघु पाटबंधारे तलाव डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. कोकणात आणि विदर्भात काही गोष्टी बदलतात, त्या ओघात सांगेन. तलावात न थांबता दोनशे मीटर पोहता येत नसेल, तर टप्पा ८ सोडून बाकी सगळं तुमच्यासाठी आहे. गुडघाभर पाण्यात पाय सोडून बसण्यातही मजा असते.

टप्पा १ : घरी बसून तलाव वाचा

मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडा. रेघ मारल्यासारखी सरळ किंवा जराशी वाकलेली कड दिसेल ती पाळ. तिच्या एका टोकाला दगडाचा किंवा काँक्रीटचा उघडा पट्टा असतो, तो सांडवा. पाळीच्या समोरच्या बाजूला, ओढा येऊन मिळतो तिथे, काठ बोटांसारखा फाटलेला दिसतो, तो पाणफुगवटा. खोली पाळीपाशी सर्वांत जास्त आणि पाणफुगवट्याकडे कमी कमी होत जाते. पण पाणफुगवट्यात ओढ्याने आणलेला गाळ साठतो, त्यामुळे उतरायला दोन्ही टोकं बाद. आपल्याला हवी असते ती मधली कूस, जिथे माळाचा मुरमाड उतार तसाच पाण्यात जातो. अशा दोन-तीन जागा नकाशावर खूण करून ठेवा. प्रत्यक्षात त्यातली एखादीच टिकते.

याच वेळी काही तलाव यादीतून काढून टाका.

- ज्याचं पाणी पिण्यासाठी जातं तो. साताऱ्याचा कास तलाव हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. लहान गावांत तलावातच किंवा पाळीखाली पाणीपुरवठ्याची विहीर असते. तिथे काठाने चालायचं, पाण्यात पाय घालायचा नाही.
- पक्ष्यांसाठी राखलेलं पाणी, जसं नांदूर मध्यमेश्वर. लोणारचं खारं सरोवरही याच यादीत. या जागा पाहायच्या आहेत.
- मोठ्या गावाच्या किंवा कारखान्याच्या खालच्या अंगाला असलेला. उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी उतरतं, हे भीमेकाठी कुणालाही विचारा. पाण्यावर जलपर्णीची चादर दिसली की समजायचं, वरून काहीतरी येतंय.
- जिथे ‘पोहण्यास सक्त मनाई’चा फलक आहे तो. फलक गंजलाय म्हणून मनाई उठली असं होत नाही.

सावधान : शेततळं म्हणजे तलाव नव्हे. निळंशार, नितळ, चौकोनी पाणी पाहून मोह होतो. पण त्याच्या चारी बाजूंच्या तिरप्या उतारांवर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो आणि ओला झाला की तो तेल लावल्यासारखा होतो. खोली तीन मीटर किंवा त्याहून जास्त. पट्टीचा पोहणारासुद्धा आत पडला की बाहेर यायला धडपडतो. हात टेकायला काही नाही, पाय टेकायला काही नाही, काठ दोन हातांवर आणि तरी वर येता येत नाही. काठाला दोर बांधलेला नसेल तर शेततळ्याच्या कडेलाही उभे राहू नका.

टप्पा २ : महिना आणि वेळ

पावसाळ्यात सांडवा वाहत असताना पोहणं नाही, एवढं पुरे. सांडव्यावरून घोटाभर पाणी वाहताना दिसतं आणि त्यावर लोक फोटो काढतात. शेवाळलेल्या काँक्रीटवर घोटाभर वाहतं पाणी माणसाला खाली न्यायला पुरतं. अनेक जिल्ह्यांत या दिवसांत जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात, निघण्याआधी ते पाहा.

ऑक्टोबरमध्ये पाणी भरपूर असतं, पण गढूळपणा पुरता खाली बसलेला नसतो. शिवाय गणपती आणि देवीच्या विसर्जनानंतर मूर्तींच्या आतल्या लाकडी पट्ट्या, तारा, खिळे काठापाशीच रुतून असतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा खरा हंगाम. मार्चपासून पाणी हटतं, काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो आणि पाण्याला हिरवट सायीसारखा तवंग धरू लागतो. मग चालणं आणि सायकल, पोहणं पुढच्या वर्षी.

वेळ सकाळची. आठला तलावावर, साडेदहाला पाण्याबाहेर. दुपारी वारा उठतो आणि मोकळ्या माळावरच्या तलावात त्याच्या लाटा होतात. पाहायला छान, पण नाकातोंडात पाणी जायला पुरेशा.

टप्पा ३ : सामान

सायकलवर मावेल एवढंच न्यायचं असतं आणि लोक नेमकं नको ते नेतात. स्पीकर आणतात, दोर आणत नाहीत.

दोर वीस मीटर, बोटाएवढा जाड. बाजारात मिळणारा प्लॅस्टिकचा, पॉलिप्रॉपिलीनचा हलका दोर घ्या, तो पाण्यावर तरंगतो. नायलॉनचा बुडतो, आणि बुडालेला दोर बुडणाऱ्याच्या हाती लागत नाही. त्याच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन, झाकण घट्ट लावून. कॅनमध्ये पेलाभर पाणी ठेवा, म्हणजे फेकताना तो वाऱ्याने भरकटत नाही आणि तरंगायचंही सोडत नाही. सायकलच्या कॅरिअरला हा कॅन बांधून गेलात की वाटेत दोघंतरी विचारतात, ‘तेल कुठं आणायला चाललाय?’

पोहणाऱ्याने कमरेला बांधायचा केशरी हवेचा फुगा घ्यावा. आपल्याकडे पाठीला सुका भोपळा, पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून पोरं पोहायला शिकली, त्याचाच हा नवा भाऊ. तो तुम्हाला उचलून धरत नाही. दमलात तर मिठी मारायला आधार मिळतो आणि काठावरच्याला तुम्ही दिसत राहता. ट्रकची ट्यूब मात्र आणू नका. ती अंगाला बांधलेली नसते, ओली झाली की निसटते, आणि वाऱ्याने तुमच्यापेक्षा जोरात पळते.

बाकी : पाठीमागे पट्टा असलेले जुने सँडल (पाण्यात घालायचे, फेकायचे नाहीत), माणशी दोन लिटर प्यायचं पाणी, शिट्टी, पंचा, कोरडे कपडे, मलमपट्टी. सायकलसाठी पंप, दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान. एकच ट्यूब पुरत नाही, कारण तलावाकडच्या वाटा बाभळीच्या असतात.

तपासा : किमान तिघं आहात का? एक पाण्यात, एक काठावर दोर घेऊन, एक फोन करायला किंवा धावायला. दोघंच असाल तर फेरी मारा, डबा खा, परत या.

टप्पा ४ : सायकल

जाताना जास्तीत जास्त तीस-पस्तीस किलोमीटर. पोहून परत तेवढंच यायचंय, आणि परतीला ऊन असतं. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. दुसरी ट्रॉली वळणावर रस्ता सोडून आत कापते. ट्रॅक्टरचालकाला तुम्ही दिसलात म्हणजे ट्रॉलीला दिसलात असं नाही. मागून आवाज आला की सरळ खाली उतरून थांबा.

फाट्यापासून तलावापर्यंतचा शेवटचा तुकडा मुरमाचा असेल तर चालवा. काळ्या रानातून जात असेल आणि दोन दिवसांत पाऊस झाला असेल, तर सायकल तिथेच सोडून पायी जा. ती माती चाकाला लागते, मडगार्डात भरते, आणि शंभर पावलांत सायकल उचलून न्यायची वेळ येते. पाळीवर सायकल चढवू नका. वरची वाट अरुंद, दोन्हीकडे उतार, मधे गवतात लपलेले दगड. शिवाय चाकांनी मातीला चाकोऱ्या पडतात, आणि पावसाचं पाणी तिथूनच बांध खायला लागतं.

टप्पा ५ : गावात थांबा

हा टप्पा सगळे गाळतात आणि सगळ्यात स्वस्त हाच आहे. एक चहा. तलावाची खरी माहिती नकाशावर नसते, पारावर असते. नेमकं विचारायचं कुणाला? गुरं राखणारा, मासेमारी करणारा, तलावावर पाण्याची मोटार असलेला शेतकरी. दुकानदार सांगतो ते ऐकीव.

आणि प्रश्न बरोबर विचारा. ‘पोहायला चालेल का?’ असं विचारलं की पाहुण्याला नाही कशाला म्हणा, म्हणून ‘चालतंय की’ असं उत्तर मिळतं. मी असं विचारतो :

‘राम राम मामा. यंदा तलावातला गाळ काढला का?’

‘काढला ना. दोन पोकलेन होते, महिनाभर.’

‘कुठल्या अंगाला?’

‘त्या लिंबाच्या खालनं. तिकडं जाऊ नका, हत्ती बुडंल.’

एवढ्या चार वाक्यांनी अर्धा तलाव बाद झाला आणि उरलेला वापरण्याजोगा ठरला. त्यानंतर : जाळी कुठे लावलीय? मोटारी किती आणि कुठे? म्हशी कुठे उतरतात? कुणी बुडालं होतं का, कुठे? शेवटच्या प्रश्नाला गावात उत्तर मिळतंच, जागेसकट. ती जागा टाळा.

प्रदेशाप्रमाणे एखादा प्रश्न वाढवा. सांगलीची कृष्णा, महाडची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी यांच्या खोऱ्यात ‘मगर दिसते का?’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या मालगुजारी तलावांत कमळाचे देठ आणि शिंगाड्याचे वेल असतात. पायाला वेल गुंडाळतो आणि शिंगाड्याचे काटे वेगळेच. तिथे मासेमारी करणारी ढिवर मंडळी होडी घेऊन जातात त्या मोकळ्या वाटेची चौकशी करा.

गावाने ‘नको’ म्हटलं तर वाद नको. यात्रा असेल, गेल्या आठवड्यात दुःखद काही झालं असेल, किंवा नुसतंच नको असेल. तलाव त्यांचा आहे.

टप्पा ६ : पायी फेरी

सायकली सावलीत एकत्र कुलूपबंद करा. झाड निवडण्याआधी वर बघा : पिंपळ, उंबर, वड यांवर आग्यामोहोळ असतं. खाली धूर, अत्तराचा वास किंवा दगड मारणारं पोरगं, यांतलं काहीही माश्या उठायला पुरतं.

आता काठाकाठाने चाला. पूर्ण गोल फेरी बहुतेक वेळा होत नाही, ओढ्याच्या तोंडाशी चिखल आडवा येतो. तिथून मागे फिरा, चिखल ओलांडून जाऊ नका. पाणी हटलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात, हरभरा, ज्वारी, कलिंगड. ती रिकामी जागा नाही, कुणाचं तरी पीक आहे. बांधाने जा.

काठावर वारकरी दिसतील. पंढरीचे नव्हेत, काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या चोचीचा तो पाणपक्षी. थंडीत त्यांचे थवेच्या थवे असतात. जिथे ते चरतायत त्या अंगाला पोहायचं नाही, आणि तिथे पाणवेलीही असतात, म्हणजे तसंही नकोच.

चालताना चार गोष्टी शोधायच्या आहेत.

मोटारी. माझ्या मते हा या पट्ट्यातला सगळ्यात दुर्लक्षित धोका. काठावर पंप, त्याचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाचं तोंड) पाण्यात, आणि खांबापासून जमिनीवरून, कधी चक्क पाण्यातून आणलेली केबल. पाणी जसं हटतं तशी मोटार पुढे सरकवतात आणि केबलला जोड देत जातात. एका तलावावर मी तो जोड जवळून पाहिलाय : काळी टेप सुटलेली, वर दुधाची पिशवी गुंडाळून सुतळीने बांधलेली, खाली ओला चिखल. आणि मोटार बंद होती, म्हणून सगळं शांत. शेतीची लाइट पाळीपाळीने येते. पेटीत ऑटो स्विच असेल तर लाइट आली की मोटार आपोआप चालू होते, शेतकरी घरी झोपलेला असला तरी. त्यामुळे ‘मोटार बंद आहे’ याला काही अर्थ नाही. ज्या काठाला मोटारी आहेत तो अख्खा काठ सोडा. केबल ओलांडूही नका.

खड्डे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ला सुरू झाल्यापासून तलावांमधून गाळ काढणं वाढलंय. रानांना फायदा झाला, तलावांत पाणी वाढलं. पण पोकलेनने तळ सपाट होत नाही, उभ्या कडांचे खड्डे राहतात आणि पुढच्या पावसात ते पाण्याखाली जातात. मुरूम काढलेल्या जागांचंही तेच. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या तलावात मी कमरेएवढ्या पाण्यातून निवांत चालत होतो. तिथेच गेल्या हंगामात पोहलो होतो, म्हणून कुणाला विचारलंही नाही. पुढचं पाऊल टाकलं आणि डोक्यावरून पाणी. पोहता येत होतं म्हणून वर आलो, पण बरोबरचा मित्र माझ्यामागोमाग चालत होता आणि त्याला पोहता येत नव्हतं. तो एक पाऊल मागे होता, एवढंच. काठावर मातीच्या उभ्या कापलेल्या कडा, यंत्राच्या पट्ट्यांच्या खुणा, एकसारखे ढिगारे दिसले की समजा, तशाच कडा पाण्याखालीही आहेत.

जाळी. पाण्यात प्लॅस्टिकच्या बाटल्या किंवा थर्मोकोलचे तुकडे एका ओळीत तरंगताना दिसले तर तो कचरा नाही, खाली जाळं आहे. जाळ्याचा बारीक नायलॉन धागा, तंगूस, पाण्यात दिसत नाही आणि पाय अडकला की ओढून सुटत नाही, आवळतो. त्या ओळीपासून लांबच राहा. जाळं उचलून बघणं हा तर सरळ दुसऱ्याच्या पोटावर पाय आहे.

विमोचक. पाळीच्या मध्याजवळ पाण्यात उभा असलेला दगडी किंवा काँक्रीटचा मनोरा, वर चाक. कालव्याला पाणी सोडायचं दार तिथे खाली असतं. दार उघडं असेल तर वर पाणी शांत दिसतं आणि खाली ओढ असते. त्याच्या आसपास पोहायचं नाही, आणि त्यावरून उडी तर नाहीच.

पाळीच्या आतल्या बाजूच्या दगडी अस्तरावरूनही उतरू नका. सुट्या दगडांच्या फटींत विंचू आणि साप राहतात. पाण्यात सळसळत जाणारा ठिपक्याठिपक्यांचा साप बहुधा दिवड असतो, बिनविषारी, पण डिवचला तर चावतो. गवतात मात्र घोणस असू शकते, म्हणून पावलं आपटत चाला.

तपासा : फेरीअखेर एक जागा उरली का? मुरमाड उतार, मोटार नाही, जाळं नाही, गाळ काढल्याच्या खुणा नाहीत, पाळ आणि ओढा दोन्ही लांब. उरली नसेल तर आजची सहल चालण्याची होती. माझ्या दहांतल्या तीन-चार सहली अशाच संपतात.

टप्पा ७ : विसावा आणि पाण्याची परीक्षा

सायकलवरून उतरल्यापासून पाण्यात शिरेपर्यंत किमान तासभर जायला हवा. फेरीत बराच वेळ गेलेला असतो, उरलेला सावलीत बसा. पोटऱ्या, मांड्या ताणून घ्या, पाणी प्या, चिमूटभर मीठ टाकलेलं ताक किंवा लिंबूपाणी असेल तर उत्तम. केळं खा, पण मिसळपाव परतीला. पोटरीत गोळे येतात ते बहुतेक याच चुकीने : सायकलने दमलेला स्नायू लगेच थंड पाण्यात. दारू प्यालेल्याला पाण्याजवळ बसवूही नका.

दरम्यान पाणी बघा. तुम्ही काठावरून गुडघाभर पाण्यात उभे राहा आणि आपल्या पायाची बोटं पाहा. दिसली तर ठीक. दिसत नसतील तर एखादा पाण्याखाली गेल्यावर तो वरून दिसणार नाही, आणि शोधणाऱ्याला हाताने चाचपत बसावं लागेल. मग पोहणं रद्द. वर हिरवा रंग सांडल्यासारखा थर असेल, पाण्याला कुबट वास असेल, काठाला मेलेले मासे असतील, तर हातपायही धुऊ नका. अंगावर उघडी जखम असेल तर तुम्ही आज दोर धरणारे.

म्हशींची उतरण्याची जागा उतार कळायला चांगली, पोहायला वाईट. तिथून पन्नास पावलं, वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला सरका.

टप्पा ८ : पाण्यात

१. हातात लांब काठी घेऊन चालत आत जा. प्रत्येक पावलाआधी काठी पुढे टेकवा. काठी मऊ रुतत गेली तर मागे फिरा. पाय गाळात गुडघ्यापर्यंत गेलाच तर उभ्याने झटापट करू नका, दुसरा पायही आत जातो. मागे पाण्यावर पाठ टाका, हाताने पाणी ढकला आणि पाय हळू, आडवा काढा.

२. छातीएवढ्या पाण्यात पोचलात की दोन मिनिटं नुसते थांबा. हिवाळ्यात पाणी अंगावर घेतल्यावर श्वास वरवर आणि भराभर होतो. तो जागेवर आला की पुढे.

३. उडी नाही, सूर तर अजिबात नाही. तळ दिसत नाही तिथे डोकं पुढे करून कुणी जात नाही.

४. काठाला समांतर पोहा, काठापासून दहा-पंधरा मीटरच्या आत. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर दिसतो आणि निम्म्यात आलं की दुप्पट लांब होतो. तलाव आरपार पोहण्याची पैज हेच बऱ्याच बातम्यांचं मूळ असतं.

५. सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करा, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा पाठीशी असतो. पाण्यावरची लाट ज्या बाजूला सरकते ती परतीची बाजू.

६. पहिल्या खेपेला दहा मिनिटं. बाहेर या, अंग पुसा, बरं वाटलं तर आणखी दहा.

पोटरीत गोळा आला तर पाठीवर पडा, त्या पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढा, आणि ‘गोळा आलाय’ असं मोठ्याने सांगा. लाजून गप्प राहणारे लोक मी पाहिलेत. काठावरच्याने या काळात मोबाइल खिशात ठेवायचा आणि पाण्यातली डोकी मोजत राहायचं. खरोखर बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, हात पाण्यावर आपटताहेत आणि हाकेला ओ नाही, असं दिसलं की तेच बुडणं.

टप्पा ९ : कुणी बुडत असेल तर

पाण्यात झेपावू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघं बुडाले ही बातमी दर उन्हाळ्यात येते, कारण बुडणारा मिठी मारतो. क्रम असा : हाक मारून ‘पाठीवर पड’ सांगा, काठी किंवा फांदी पुढे करा, ती पुरत नसेल तर कॅन फेका. फेकताना त्याच्या डोक्यापलीकडे फेका आणि दोर ओढत त्याच्या हातापर्यंत आणा. स्वतः काठावर आडवे पडा किंवा झाडाला टेका, नाहीतर तो तुम्हाला ओढतो. दोर नसेल तर साडी, पंचे एकमेकांना गाठून चालतात. तिसऱ्याने तोवर ११२ किंवा १०८ला फोन लावायचा आणि गावाचं नाव, फाटा, तलावाची बाजू सांगायची. शिट्टी वाजवत राहिलात तर रानातले लोक आधी पोचतात.

बाहेर काढल्यावर श्वास चालू नसेल तर उताणं निजवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने आधी दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. दाब साधारण पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

सावधान : गावाकडे बुडालेल्याला उलटं टांगतात, कुणीतरी खांद्यावर टाकून गरगर फिरवतं, पोट दाबून पाणी काढतात. यात श्वास द्यायची मिनिटं जातात आणि उलटीतलं फुप्फुसात जाऊ शकतं. नम्रपणे पण ठाम अडवा. शुद्धीवर आलेला माणूस ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचाच, श्वासाचा त्रास काही तासांनंतरही सुरू होऊ शकतो.

हा टप्पा वाचून येत नाही. निघायच्या आधी एकदा मैदानावर कॅन फेकायचा सराव करा. पहिले चार फेक भलतीकडेच जातात.

टप्पा १० : परतताना आणि घरी

ओल्या कपड्यांत सायकल चालवू नका, मांड्या सोलवटतात. निघण्याआधी टायरवरून जुन्या कापडाने अलगद हात फिरवून काटे काढा. काठापासून रस्त्यापर्यंत टोचलेला काटा पाच-सहा किलोमीटरवर हवा सोडतो, तेव्हा सावलीही नसते. कचरा, केळ्याच्या सालीसकट, पिशवीत. ज्यांना जागा विचारली होती ते मामा वाटेत भेटले तर आलो म्हणून सांगा. ते वाट बघत असतात, आणि तुम्ही दिसला नाहीत तर तलावावर शोधायला जातात.

घरी साबणाने अंघोळ, कान कोरडे, पायाच्या बोटांमधल्या चिरा बघून घ्या. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंग आणि विशेषतः पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरला आपण होऊन सांगा की अमुक दिवशी तलावात उतरलो होतो. लेप्टोस्पायरोसिसची सुरुवात साध्या तापासारखीच असते, आणि जनावरं उतरतात त्या पाण्यातून तो येतो. तुम्ही सांगितलं नाहीत तर तिकडे लक्ष जायला उशीर होतो. दहा-बारा दिवसांच्या आत तीव्र डोकेदुखी, मान आखडणं, उलट्या असं काही झालं तर मात्र ताप उतरायची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, आणि नाकात तलावाचं पाणी गेलं होतं हेही सांगा.